‘एक्स-रेवाली’ व्हायचंय तिला!

पालकांचं पत्र: मुलगी बारावी सायन्स झाली. दोनदा नीट दिली, एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत. आता म्हणते, रेडिओलॉजी टेक्नॉलॉजीची पदवी करते आणि पुढे मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, जाते. तिच्या आत्याचा स्तनाचा कॅन्सर उशिरा सापडला, तेव्हापासून हे तिच्या डोक्यात आहे. मला तीन शंका आहेत. आयुष्यभर एक्स-रेच काढत बसायचं का? रेडिएशनमुळे उद्या लग्न, मूलबाळ यांत अडचण येईल का? आणि एआय आल्यावर ही नोकरी तरी राहील का? – एक वडील, सातपूर, नाशिक

नमस्कार.

मधली शंका मला सगळ्यात जास्त वेळा विचारली जाते आणि तिचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, म्हणून ती आधी उरकते. एक्स-रे मशीन बटण दाबल्यावर तेवढ्या क्षणापुरतेच किरण सोडतं. बंद मशीनमधून काही येत नाही, खोलीत काही साठून राहत नाही. मॅमोग्राफीत किरण कमी ऊर्जेचे असतात आणि टेक्नॉलॉजिस्ट संरक्षक काचेच्या आड उभी असते. तिच्या छातीवर अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो ठरावीक काळाने तपासणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (हे किरणांचा डोस मोजायचं एकक) मर्यादा घातली आहे. नियम पाळणाऱ्या विभागात प्रत्यक्ष आकडा तिच्या बराच खाली राहतो. गरोदरपण कळवलं की पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टवर येते. लग्नाच्या बैठकीत कोणी हा विषय काढलाच, तर बॅजचा रिपोर्ट पत्रिकेसोबत ठेवा!

आता ‘एक्स-रेच काढत बसायचं का’. छातीचा साधा एक्स-रे आणि मॅमोग्राम यांत फार अंतर आहे. मॅमोग्राफीत स्तन दोन प्लेटांमध्ये दाबून पसरवावा लागतो. त्याने जाडी कमी होते, किरण कमी लागतात, एकमेकांवर आलेल्या ऊती सुट्या दिसतात. प्रत्येक बाजूची दोन चित्रं घेतात: एक वरून खाली, एक तिरपं. तिरप्या चित्रात छातीचा स्नायू साधारण स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर मागचा, काखेकडचा भाग चौकटीबाहेर राहिला असं समजायचं, आणि स्तनातल्या गाठींचं प्रमाण काखेकडच्या वरच्या भागातच सर्वाधिक असतं. कॅल्शियमचे जे बारीक ठिपके कधी कधी कॅन्सरची पहिली खूण असतात, ते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. बाई जरा हलली की ते पुसट होतात.

आणि बाई हलतेच हो. पेठ-सुरगाण्याहून किंवा अगदी कॉलेज रोडवरून आलेली असो, अनोळखी खोलीत कमरेवरचे कपडे उतरवून उभं राहायचं म्हणजे अंग आकसतं. खांदा ताठ झाला की स्नायू ओढला जातो आणि चित्र बिघडतं. तिला बोलतं करणं, ‘ताई, थोडं दुखेल, काही सेकंदांचंच आहे’ असं खरं सांगणं, खांदा सैल सोडायला लावणं, हा या कामाचा अर्धा भाग आहे. म्हणूनच इथे महिला टेक्नॉलॉजिस्टला पसंती असते.

एआयचं उत्तरही यातच आहे. स्वीडनमध्ये ‘मासाई’ नावाच्या अभ्यासात ८० हजारांवर स्त्रिया होत्या. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत एआयची मदत घेतलेल्या गटात कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही, चित्रं वाचण्याचं काम मात्र ४४ टक्क्यांनी कमी झालं. तिथे एरवी एकेक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात. म्हणजे काम वाचलं ते रेडिओलॉजिस्टचं, मशीनजवळ उभ्या असलेल्या मुलीचं नाही. जो भाग चौकटीत आलाच नाही, तो एआय कुठून वाचणार?

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

बेटा, तुझा हेतू पक्का आहे, पण चित्र पूर्ण बघ. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांसारखं सरसकट मॅमोग्राफीचं स्क्रीनिंग नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित हातांनी चाचपून केली जाते. टाटा मेमोरियलने मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर दोन दशकं अशा तपासणीचा अभ्यास केला. २०२१ साली आलेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तरुण वयात स्तन दाट असतो, मॅमोग्रामवर तोही पांढरा आणि गाठही पांढरी, म्हणून सोनोग्राफी लागते. आणि गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टरच करतात. परदेशातल्या सोनोग्राफरचे व्हिडिओ बघून बेत आखू नकोस. फक्त मॅमोग्राफीची नोकरी सुरुवातीला मिळणं कठीण. आधी एक्स-रे, सीटी, एमआरआय, रात्रपाळ्या. सुरुवातीचा पगारही खासगीत बेताचाच असतो. हे चालणार असेल तरच ये.

कॉलेजबद्दल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, पण त्याची संलग्न कॉलेजं राज्यभर आहेत. विद्यापीठ नाशकात म्हणून समोरच्या गल्लीतला ‘पॅरामेडिकल’ बोर्ड त्याचाच असेल असं नाही. संलग्नतेचं पत्र मागायचं. प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात होतं, तिथे मॅमोग्राफीचं मशीन आहे का, ते रोज चालतं का, हे मागच्या बॅचच्या मुलींना विचारायचं, ऑफिसातल्या माणसाला नाही. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी आयोग आणि नोंदणीची तरतूद झाली आहे, त्यामुळे मान्यता नसलेला कोर्स स्वस्तात मिळाला तरी पुढे महागात पडेल.

प्रवेशाआधी एखाद्या ओळखीच्या रेडिओलॉजिस्टकडे परवानगी काढून त्यांच्या विभागात दोन-चार दिवस बसून ये. मॅमोग्राफीच्या खोलीत रुग्णाच्या संमतीशिवाय पाऊल टाकू नकोस. आणि नीटच्या फिजिक्सच्या वह्या रद्दीत घालू नकोस. पहिल्याच वर्षी किलोव्होल्टेज आणि एक्स-रे ट्यूब घेऊन बसावं लागणार आहे.