तुमचा प्रश्न, आमचं उत्तर

प्रश्न : आमचं घर होटगी रोडला, विमान डोक्यावरूनच जातं. मित्र म्हणतो पुण्यात विमानाला मिलिटरीवालेच परवानगी देतात. मग सोलापुरात कोण देतं? आणि दोघांचं आपसात जमतं कसं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय. साधा हिशोब असा की धावपट्टी ज्याची, टॉवर (म्हणजे विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारी खोली) बहुतेक त्याचाच. पुण्याचं लोहगाव हा एअरफोर्सचा तळ, म्हणून तिथं इंडिगोच्या पायलटशी पण एअरफोर्सचाच कंट्रोलर बोलतो, तसंच गोव्यात दाबोळीला नेव्ही, पण तिथल्याच मोपा विमानतळाला सिव्हिल, म्हणजे मिलिटरीबाहेरचे. नाशिकचं ओझर तर एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं, ते प्रकरणच वेगळं. आपलं सोलापूर सिव्हिल, एअरपोर्ट ऑथॉरिटीचं.

पण टॉवरचं काम विमानतळाच्या आसपासचंच हो, वर गेलं की विमान दुसऱ्याकडे सोपवतात. त्यासाठी देशाचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई इथल्या कंट्रोल केंद्रांत वाटलेलं आहे आणि आपण मुंबईच्या वाट्यात येतो. खरी गंमत पुढंच आहे, एअरफोर्सच्या सरावासाठी आकाशाचे काही तुकडे राखीव असतात, सराव चालू असला की प्रवासी विमानांना वळसा, म्हणजे जास्त इंधन आणि उशीर, आणि शिव्या खातो बिचारा एअरलाइनवाला. म्हणून आता सराव नसेल तेव्हा ते तुकडे सिव्हिलला वापरायला देतात. शिवाय एअरफोर्सची माणसं सिव्हिल कंट्रोलशी सतत संपर्कात असतात, कुठलं विमान कुठं चाललंय ते त्यांना आधीच कळवलेलं असतं, नाहीतर रडारवर अनोळखी ठिपका दिसला की धावपळ ठरलेलीच.