कोकणात उताराच्या जागेवर मोजकी घरं बांधायची आहेत, रान राखून लेव्हलिंग किती करावं?

संगमेश्वराकडे ५ एकर उतार, १२ घरं, आणि झाडं राखून लेव्हलिंग किती करू, असं विचारलंय तुम्ही. जेसीबी फाटकाबाहेरच उभा करा.

मी आर्किटेक्ट. आमच्या मामांनी देवरुखाकडे ८ प्लॉट पाडायला घेतले तेव्हा मी अर्ध्या मीटरचा कंटूर सर्व्हे (दर अर्धा मीटर उंचीला एक रेषा दाखवणारी मोजणी) करून घेतला, पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा होता तसा सोडला आणि सगळी घरं एका बाजूला, वाडीसारखी जवळजवळ बसवली. बाकी आईन-किंजळीचं रान तसंच. मामा म्हणाले, "मुंबईचं गिऱ्हाईक सपाट प्लॉट मागतं, तुझी वाडी नाही." पंधरा दिवसांनी जाऊन बघतो तर उताराचे तीन टप्पे पाडलेले, पऱ्यात भराव, आणि दारच्या रायवळ आंब्याला कमरेपर्यंत माती.

जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराच्या दिशेने सरकतं. तिथेच उभं कापलंत की ते कापाच्या तोंडातून बाहेर येणारच. जुलैत लाल पाणी तीन जागी फुटलं, आणि कंपाऊंडची भिंत पडली ती बरोबर पऱ्याच्या जुन्या वाटेवर. आंबा तिसऱ्या वर्षी वाळला. मामांच्या मते पाऊस जास्त झाला. अहो, तिथे ३००० मिलिमीटरच्या वर पडतोच!

१:५ उतारावर १० मीटर खोल घराला पुढे-मागे २ मीटरचा फरक येतो. त्यासाठी डोंगर कशाला कापायचा? जोतं दोन पातळ्यांत घ्या, घरात सहा-सात पायऱ्या येतील, खालची बाजू थोडी खांबांवर उचला. रस्ता उताराला आडवा न्या. हद्दीला सिमेंटची भिंत नको, दगडी गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेला बांध, घाला, पाणी फटींतून निघून जातं. आणि १२ घरं पाच एकरांत सारखी विखरू नका. प्रत्येक दारापर्यंत रस्ता नेण्यातच निम्मं रान जातं.

जागा मेमध्ये बघितली असेल तर पावसात पुन्हा बघा, पऱ्या उन्हाळ्यात ओळखू येत नाही. हे सगळं मी तुमची जागा न बघता लिहितोय. उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर तिथे घरच नको, आणि माती आधी तपासून घ्या.

मामांचे आजवर दोन प्लॉट विकले गेले. दोन्ही पऱ्याच्या न बुजवलेल्या टोकाचे. हा विषय मी काढला की ते पानावरून उठतात.