चुकलेलं उत्तर वाचायला शिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वार्षिक नियोजन कसं करावं, मूल्यमापन कसं करावं आणि उपचारात्मक अध्यापन म्हणजे नेमकं काय, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. प्रश्न चांगले आहेत, पण ते असे सुटे ठेवू नकोस. शाळेत या तिन्हींच्या वह्या वेगळ्या असतात आणि वेगवेगळ्या वेळी तपासल्या जातात, म्हणून नव्या शिक्षकाला ती तीन कामं वाटतात. काम एकच आहे. समोरच्या मुलाला आज काय येतं ते ओळखायचं आणि त्यावरून उद्याचा तास ठरवायचा. हे जमलं की तिन्ही वह्या आपोआप भरतात. नुसत्या वह्या भरल्या तर मात्र हे जमेलच असं नाही.

नियोजनाकडे नंतर येते. आधी मुलाच्या चुकलेल्या उत्तराकडे बघू.

५०३ वजा २६७ ही वजाबाकी घे. उत्तर २३६. समज, तुझ्यापुढे तीन वह्या आहेत. एकीत ३६४ आहे, दुसरीत ३३६ आणि तिसरीत २३५. तिघांनाही फुली आणि तिघांनाही शून्य गुण. आता जरा थांब आणि प्रत्येकाने काय केलं ते बघ. पहिल्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: सातातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. ५०३ ही एक अखंड संख्या आहे हे त्याच्या डोक्यात नाहीच, त्याला तीन सुटी गणितं दिसताहेत. दुसऱ्याला हातचा घ्यायचा हे पक्कं ठाऊक आहे. दशकाच्या जागी शून्य आल्यावर त्याने त्या शून्याचे नऊ केले, पण ते शतकातून आले हे विसरून पाच तसेच ठेवले. तिसऱ्याने सगळं बरोबर केलं, फक्त तेरातून सात गेले पाच म्हणाला.

आता या तिघांना ‘कच्चे’ म्हणून एकत्र बसवलं आणि दहा वजाबाक्या सोडवून आणायला सांगितल्या तर काय होईल? पहिला मुलगा दहाच्या दहा आपल्या चुकीच्या नियमाने सोडवेल आणि तो नियम आणखी पक्का करून येईल. त्याला वजाबाक्या नकोत. त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे हवेत, शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे गठ्ठे करायला हवेत. दुसऱ्याला कागदावर पाच शतकं आणि तीन एकक म्हणजे चार शतकं, नऊ दशकं आणि तेरा एकक हे मांडून दाखवलं की त्याचं काम एका बैठकीतही होऊ शकतं. तिसऱ्याला उपचारात्मक वर्गात, म्हणजे अडलेल्यांना पुन्हा शिकवण्याच्या वर्गात, बसवायचं कारणच नाही.

मुलं चुकतात तेव्हा बहुतेक वेळा वेंधळेपणाने चुकत नाहीत, स्वतःच्या नियमाने चुकतात. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुका संगणकाच्या मदतीने तपासून अशा नियमांची पद्धतशीर मांडणी केली. तुला त्यासाठी संगणक नको, पेन्सिल पुरे. एका उत्तरावरून निदान करू नकोस. त्याच मुलाला ७०२ वजा ३४५ दे आणि तो काय लिहील ते आधी स्वतःच्या कागदावर लिहून ठेव. पहिल्या मुलाचं उत्तर ४४३ यायला हवं, दुसऱ्याचं ४५७. तुझा अंदाज खरा ठरला तर नियम तुझ्या हाती आला. नाही ठरला तर मुलाला शेजारी बसवून ‘कसं केलंस ते मला सांग’ म्हण, आणि सांगताना मध्ये बोलू नकोस.

यावरून प्रश्नपत्रिका कशी काढायची हेही कळेल. प्रश्न असा हवा की चुकणारं मूल कोणत्या वाटेने चुकलं ते उत्तरातून दिसावं. ०.६, ०.४५ आणि ०.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती, असं विचारलंस तर जास्त अंक म्हणजे मोठी संख्या असं मानणारं मूल ०.१२५ लिहील आणि सापडेल. पण काही मुलं याच्या उलट मानतात. सहस्रांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असा त्यांचा समज असतो. ती मुलं ०.६ लिहितील, तू बरोबरची खूण करशील आणि त्यांचा गैरसमज पूर्ण गुणांखाली झाकला जाईल. म्हणून जोडीला दुसरा प्रश्न हवा: ०.४ मोठं की ०.७३? मला नेहमी वाटतं की पैकीच्या पैकी गुणांनी केलेली फसवणूक शून्यापेक्षा जास्त महागात पडते, कारण त्या मुलाकडे वर्षभर कुणाचं लक्षच जात नाही.

शिकवता-शिकवता करायचं ते आकारिक मूल्यमापन आणि शेवटी करायचं ते संकलित, हा भेद तू अभ्यासक्रमात पाठ केला असशील. मायकेल स्क्रिव्हेन यांनी तो १९६७मध्ये मांडला, तोही मुळात शैक्षणिक कार्यक्रमांचं मूल्यमापन करण्यासाठी. नंतर बेंजामिन ब्लूम यांनी तो मुलांच्या शिकण्याला लावला. व्यवहारात मी एकच कसोटी लावते. चाचणीनंतर माझ्या उद्याच्या टाचणात, म्हणजे तासाच्या आखणीत, काही बदललं का? बदललं नसेल तर ती चाचणी, तिला नाव काहीही दे, फक्त गुणांची नोंद होती. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८मध्ये या विषयावरच्या सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा गाभाही हाच होता की मिळालेली माहिती वापरून शिकवणं बदललं तरच ते आकारिक मूल्यमापन.

वही तपासताना आणखी एक सांभाळ. रूथ बटलर यांच्या १९८८च्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, तर काहींना दोन्ही. फायदा झाला तो फक्त शेरा मिळालेल्यांना. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुणवाल्यांपेक्षा पुढे गेली नाहीत. आकडा दिसला की मूल पुढचं वाचत नाही, आणि हे तुला वर्गातही दिसेल. तेव्हा वर्गपाठाच्या वहीत गुण देण्याची सक्ती नसेल तिथे देऊ नकोस. शेराही ‘छान’ किंवा ‘लक्ष दे’ असा नको. ‘दशकाच्या शून्याचे नऊ कुठून आले ते लिही’ असा हवा, म्हणजे तो वाचून मुलाला लगेच काहीतरी करता येईल.

तोंडी प्रश्नांचंही तेच. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरसुद्धा थांबत नाहीत, असं मेरी बड रो यांना वर्गांच्या ध्वनिमुद्रणांत आढळलं होतं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, पण ती सहन करायला शिक.

आता नियोजन. इथे मी फार लिहीत नाही, कारण तक्ता कसा आखायचा ते तुला येतं. फक्त क्रम उलटा कर. धडे मोजून तासिकांना वाटू नकोस. घटक संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते आधी लिही, ते आलं हे कशावरून ओळखशील तो प्रश्न किंवा कृती त्याच्याखाली लिही, आणि मग तास आख. राल्फ टायलर यांनी १९४९मध्येच उद्दिष्टांपासून सुरुवात करा म्हणून सांगितलं होतं. पुढे विगिन्स आणि मॅकटाय यांनी उलट्या दिशेने आखणी करण्याची पद्धत रुजवली. ‘अपूर्णांकाचा परिचय होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण परिचय झाला की नाही ते तपासता येत नाही. ‘दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता ते चित्र काढून आणि कारण देऊन सांगेल’ हे तपासता येतं.

घटक सुरू करण्याआधी खालच्या दोन इयत्तांची पुस्तकं उघड आणि या घटकासाठी मुलाला आधीचं काय यायला हवं त्याची यादी कर. त्यावर पाच-सहा प्रश्नांची छोटी चाचणी पहिल्याच तासाला घे. वजाबाकी न येणारं मूल भागाकारात अडकणारच, ते तीन आठवड्यांनी कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

आणि तासिका पूर्ण भरू नकोस. बारा तास मिळणार असतील तर नऊच आख. उरलेले तीन चुकांसाठी राखून ठेव, एक घटकाच्या मध्यावर आणि दोन शेवटाकडे. अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही अशी भीती वाटेल. पण न समजलेल्या घटकावर पुढचा घटक रचला की तो वेळ दुप्पट जातो, आणि मग खरोखरच काही पूर्ण होत नाही. तशीच उजळणी परीक्षेआधीच्या आठवड्यात कोंबू नकोस. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं ते एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच दाखवलं होतं. रोज तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न दे: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला.

उपचारात्मक कामाबद्दल माझी मतं ठाम आहेत. गट मुलांचे करू नकोस, चुकांचे कर. या आठवड्यात हातच्याच्या शून्याचा गट, पुढच्या आठवड्यात दशांशांचा. मुलं बदलत राहिली पाहिजेत. वर्षभर तीच सहा मुलं मागच्या बाकावर वेगळी बसली तर ती अपूर्णांक शिकणार नाहीत, आपण ढ आहोत हे मात्र शिकतील. त्यांचा खेळाचा किंवा चित्रकलेचा तास तर कधीच घेऊ नकोस. कित्येकदा तेवढ्या एकाच तासासाठी ते मूल शाळेत येत असतं. वर्गातच बाकीच्यांना वरच्या पातळीचं काम देऊन दहा-पंधरा मिनिटं मोकळी करता येतात. ब्लूम यांनी १९६८मध्ये प्रभुत्व अध्ययनाची कल्पना मांडली ती अशीच: छोटी चाचणी, अडलेल्यांना वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवणं, बाकीच्यांना समृद्धीचं काम, आणि मग त्याच आशयाची दुसरी चाचणी. यातली दुसरी चाचणीच बहुतेकदा राहून जाते. ती घेतली नाही तर उपचार लागू पडला की नाही ते कळणार कसं? पुन्हा शिकवणंही वेगळ्या पद्धतीने व्हायला हवं. तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणणं म्हणजे पुन्हा शिकवणं नव्हे. आणि अर्ध्याहून अधिक वर्ग एकाच ठिकाणी चुकला असेल तर गट पाडूच नकोस, तो तास सगळ्यांसाठी नव्याने घे.

शाब्दिक उदाहरणांत मुलं का अडतात, असं तू विचारलं होतंस. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांची १९७७मधली पद्धत वापर. मुलाला पाच गोष्टी क्रमाने करायला सांग: उदाहरण मोठ्याने वाच, काय विचारलंय ते सांग, कोणती क्रिया करशील ते सांग, करून दाखव, आणि उत्तर नीट लिही. जिथे अडेल तिथून मदत सुरू कर. मूल पहिल्याच पायरीला अडलं तर उदाहरण तू वाचून दाखव. मग ते सुटलं, तर त्या मुलाला गणिताच्या नव्हे, वाचनाच्या मदतीची गरज आहे, आणि हे भाषेच्या शिक्षकांना त्याच दिवशी सांग.

सगळ्यांसाठी हे सगळं एकदम करता येणार नाही. पहिलं सत्र एकच विषय निवड. नोंदीसाठी साधी वही कर, डाव्या पानावर चूक आणि ती करणाऱ्या मुलांची नावं, उजव्या पानावर काय केलं आणि दुसऱ्या चाचणीत काय निघालं.

तुझी पहिली घटक चाचणी जवळ आलीच असेल. प्रश्नपत्रिका पक्की करण्याआधी त्यातले दोन प्रश्न मला पाठव, आणि प्रत्येकाखाली मुलं कोणती चुकीची उत्तरं देतील असं तुला वाटतं ते लिही.

तुझ्या,
बाई