१९११च्या रुपयावर खरंच डुक्कर आहे का?

आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचा १९११चा रुपया सापडला, त्याला 'डुक्करछाप' का म्हणतात आणि तो मोडावा का, असं तुम्ही विचारलंय. मोडू नका, हे आधी सांगतो.

तो हत्ती आहे. राजाच्या झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या किताबाची साखळी आहे, तिच्यात तो गुंफलाय. खिडकीशी नाणं तिरकं धरा, दाढीखाली छातीवर दिसेल. सोंड एवढी आखूड, पाय एवढे जाड की लोकांना डुक्करच दिसलं. मुसलमानांना ते निषिद्ध, त्यामुळे बोभाटा झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, बाहेर आले जेमतेम ७ लाख. उरलेले सरकारनं वितळवले. १९१२च्या रुपयावर कान आणि सोंड नीट कोरली.

मला यातलं मोठं वाटतं ते हे: हिंदुस्थान आमच्या छातीवरचा दागिना आहे, असं इंग्रजांना त्या हत्तीतून मिरवायचं होतं. ज्यांना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं, त्यांनी चित्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि टाकसाळीला ते बदलावं लागलं.

आमच्याकडेही असाच एक आहे. पणजोबा सोलापुरात जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यांच्या पगारातला. आजी त्याला बंदा रुपया म्हणायची आणि घरातली चांदी त्यानंच जोखायची, कारण रुपयाभार म्हणजे एक तोळा. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि रांगोळी लावून तो लखलखीत घासायचा, हे काम माझं. त्या घासण्यानं हत्ती गेला; आता बोटाला नुसता उंचवटा लागतो. अजून हळहळ वाटते. इथल्या एका सराफानं तर तो न बघताच चांदीच्या भावात मागितला होता.

म्हणून तुमचा घासू नका, कोरड्या मऊ कापडात ठेवा. खोटेही पुष्कळ फिरतात, तेव्हा काट्यावर घाला: ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, वापरून झिजला असेल तर किंचित कमी. मग मागची बाजू बघा. वेलीत खाली कमळ आहे, त्याखाली बारीक टिंब असेल तर मुंबईच्या टाकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, हत्ती कितपत शाबूत आहे ते बघून सांगतो.