गांडुळाच्या आतड्यातील जिवाणू

प्रश्न : आमची जमीन भारी काळी आहे. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेतो. गांडुळाच्या आतड्यातील जिवाणूंचे म्हणून एक द्रावण बाजारात आले आहे. हे जिवाणू गांडुळाचे स्वतःचे असतात की मातीतले? द्रावण शेतात सोडल्यास गांडुळाचे काम होईल का?
— एक शेतकरी वाचक, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : शेतजमिनीतील गांडुळाच्या आतड्यात आढळणारे बहुतेक जिवाणू त्याने मातीबरोबरच गिळलेले असतात आणि काही तासांनी विष्ठेवाटे ते पुन्हा मातीत येतात. मात्र तेवढ्या वेळात त्यांची परिस्थिती पार पालटते. बाहेर हवा खेळती असली तरी सहज पचणाऱ्या अन्नाची चणचण असते. आत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, ओलावा भरपूर असतो, सामू उदासीनाच्या आसपास असतो आणि गांडूळ जो चिकट स्राव सोडते त्यात शर्करा व अमिनो आम्ले असल्यामुळे मातीत उपाशी, सुप्त पडलेले अनेक जिवाणू झपाट्याने कामाला लागतात. सगळ्यांनाच हे मानवत नाही. काही तेथे पचूनही जातात.

ऑक्सिजनच्या अभावी यांतील काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू तयार होतो. जिवंत गांडुळाच्या शरीरातून हा वायू बाहेर पडतो, हे जर्मनीतील बायरॉइट विद्यापीठातील हॅरॉल्ड ड्रेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. गांडुळाचे गुणगान करणाऱ्या पत्रकांत ही गोष्ट सहसा नसते.

गांडुळांच्या अनेक जातींत पिढीजात जिवाणूही असतात. व्हर्मिनेफ्रोबॅक्टर हे त्यांचे चांगले उदाहरण. पण ते आतड्यात नव्हे, उत्सर्जक इंद्रियांत राहतात आणि अंड्यांच्या कोशातून पुढच्या पिढीकडे जातात.

द्रावणाविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. बाटलीतून जिवाणू येतील. माती दळणारी पेषणी, तो स्राव आणि ती ऑक्सिजन नसलेली जागा येणार नाही, आणि जिवाणूंना कामाला लावणारी परिस्थिती तीच आहे. गांडूळखताच्या खड्ड्यातील आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे शेतात सोडणेही फारसे उपयोगाचे नाही, कारण ती कुजणाऱ्या शेणात व पाल्यात राहणारी असून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्याकडच्या काळ्या रानात तग धरत नाहीत. स्थानिक गांडुळे त्या काळात खोल ओलीत उतरतात. त्यांच्यासाठी सोयाबीनचे भुसकट न जाळता रानातच पसरावे, शेणखत घालावे आणि नांगरट शक्य तितकी कमी करावी. पावसाळ्यात वाफसा आल्यावर बांधालगत विष्ठेच्या गोळ्या दिसत असतील, तर द्रावणाचे पैसे शेणखतावरच घालावेत.