बुर्ज खलिफावर वर जायचं का? सात वेळा जाऊन आल्यावर सांगते

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात पाच दिवस दुबईला येताय, तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि 6 वर्षांची लेक, बुर्ज खलिफाच्या तिकिटांचा हिशोब केला तर डोळे पांढरे झाले, आणि नणंद म्हणतेय की तो खालून फुकट दिसतो, वर कशाला तडफडायचं. शिवाय सासूबाईंना उंचीची भीती आणि सासऱ्यांना मात्र जायचंच आहे.

मी चौदा वर्षं इथे राहते, बर दुबईत, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर कोणीतरी जावं लागतं म्हणून सात वेळा वर जाऊन आलेय. आधी उत्तर सांगून टाकते, मग कारणं. जा, पण पाचही जण जाऊ नका. सकाळी जा. 124 व्या मजल्याचं तिकीट काढा, 148 व्याच्या नादी लागू नका.

तुमच्या नणंदेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हं. बुर्ज खलिफा बघायचा असेल तर तो खालूनच बघायचा, वरून तो दिसतच नाही ना! 828 मीटर उंच, तीन पाकळ्यांसारखा आकार, वर जाता जाता एकेक पायरी आत घेत निमुळता होत जातो, ते सगळं पायथ्याच्या तळ्याकाठी मान मागे टाकून बघण्यात आहे. वर गेल्यावर दिसते ती बुर्ज नसलेली दुबई. त्यामुळे ज्यांना फक्त "बुर्जसोबत फोटो" हवाय त्यांनी खरंच पैसे घालवू नयेत. पण ज्याला उंचीवरून जग कसं दिसतं याचं वेड आहे, किंवा एवढं बांधलं कसं असा प्रश्न पडतो, त्याच्यासाठी ते पैसे वाया जात नाहीत. तुमच्या सासऱ्यांचं तुम्ही लिहिलंय त्यावरून ते दुसऱ्या प्रकारातले वाटतात.

माझे बाबा तसेच. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, आयुष्य गेलं पूल आणि शाळांच्या स्लॅबवर उभं राहण्यात. त्यांना मी फेब्रुवारीत घेऊन गेले तेव्हा मला वाटलं समुद्र दाखवीन, बेटं दाखवीन, तर ते पहिली दहा मिनिटं काचेकडे गेलेच नाहीत. एका खांबावर तळहात ठेवून उभे. मग मला म्हणाले, "अगं, इतक्या वर काँक्रीट आणलं कसं यांनी, बादलीने तर नाही आणलं?" मी आधी वाचून गेले होते म्हणून सांगता आलं, की पंपाने, 600 मीटरच्याही वर काँक्रीट पंपाने चढवलंय, आणि उन्हाळ्यात दिवसा ओतलं तर तडे जातील म्हणून रात्री ओतायचे आणि मिक्समध्ये बर्फ घालायचे. बर्फ ऐकल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही तिथे दोन तास होतो आणि त्यातला एक तास ते मला क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवून मुरवणं, समजावत होते. काम जोरात असताना इथे एका वेळी बारा हजार माणसं राबत होती, त्यात आपल्याकडची, पाकिस्तानची, बांगलादेशची, नेपाळची किती. बाबा खाली आल्यावर दोनदा म्हणाले, मिस्त्री लोकांचं काम आहे हे. ती सकाळ मला तिकिटाच्या चौपट किमतीची वाटते, म्हणून सासऱ्यांना न्याच असं म्हणतेय.

आता पैसे. 124-125 मजल्यांचं एकच तिकीट असतं, साध्या वेळेला पावणेदोनशे दिरहमच्या आसपास, सूर्यास्ताच्या वेळेला अडीचशेच्या पुढे. 148 वेगळं, ते चारशेच्या आसपास सुरू होतं आणि संध्याकाळी आणखी चढतं. भाव बदलत राहतात, बुक करताना त्या तारखेचा बघा. दिरहमला 23-24 रुपये धरले तर पाच जणांचे साध्या वेळेला वीस हजारांच्या आसपास आणि सूर्यास्ताला तीसच्या घरात जातात. तुम्ही, सासरे आणि लेक असे तिघंच गेलात तर बारा हजारांच्या आतबाहेर भागतं. सासूबाई आणि मिस्टर तेवढ्या वेळात खाली दुबई मॉलमध्ये अ‍ॅक्वेरियमची ती भली मोठी काच आहे तिच्यासमोर बसू शकतात, आतलं तिकीट न काढता बाहेरूनच शार्क आणि पाखट मासे मस्त दिसतात. भीती वाटणाऱ्या माणसाला "एवढं आलोय तर चला" करून वर नेऊ नका प्लीज, माझ्या मावशीला आम्ही नेलं आणि ती पूर्ण वेळ लिफ्टच्या दाराशी भिंतीला चिकटून उभी होती, तिचाही दिवस गेला आणि आमचाही.

148 चं का नको म्हणते? 124 चा मजला 452 मीटरवर आहे, 148 चा 555 वर. शंभर मीटरचा फरक ऐकायला खूप वाटतो, पण 452 वरूनच गाड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या झालेल्या असतात, अजून वर गेलं की अजून बारीक, बस. हिशोबाने क्षितिज 124 वरून 76 किलोमीटर आणि 148 वरून 84, पण इथली हवा एवढं लांब बघू देते कुठे? 148 मध्ये गर्दी कमी, बसायला सोफे, खजूर-कॉफी, सोबत नेणारा माणूस, हे सगळं आहे आणि ज्याला आरामात बघायचंय त्याला ते आवडतं. पण तुमच्या बजेटमध्ये त्या पैशात अख्खा एक दिवस निघतो. आणि एक, एजंटकडून घेतलंत तर तिकिटावर मजला कोणता छापलाय ते तिथल्या तिथे वाचा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एका टूरवाल्याने 148 सांगून 124 ची तिकिटं दिली होती, दारात गेल्यावर कळलं, पैसे काही परत आले नाहीत. थेट अधिकृत वेबसाइटवरून काढलेलं बरं.

वेळेबद्दल सगळे सांगतील सूर्यास्ताला जा. सूर्यास्त सुंदर असतो यात वाद नाही. त्यात एक गोष्ट मला फार आवडते, इतक्या उंचीवर सूर्य खरंच उशिरा मावळतो, 2011 च्या रमझानमध्ये इथल्या मुफ्तींनी सांगितलं होतं की 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायचा आणि 150 च्या वर असतील त्यांनी तीन. पण डिसेंबर म्हणजे भर सीझन, त्या स्लॉटला काचेला तीन-तीन रांगा माणसं असतात, 6 वर्षांच्या मुलीला पुढच्यांची पाठ दिसणार. आणि अंधार पडला की सगळे एकदम उतरायला लागतात, खाली येणाऱ्या लिफ्टच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, सासऱ्यांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंयत म्हणून मुद्दाम सांगते.

सकाळी दहा-साडेदहाचा स्लॉट घ्या. अगदी पहिला नको, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं धरतं आणि कधी कधी आठ-नऊपर्यंत खाली नुसता कापूस दिसतो, तो बघायला भारी पण शहर काही दिसत नाही. दहाला गेलात की लेकीला समुद्राच्या बाजूला घेऊन जा आणि खाली सावली शोधायला सांगा. बुर्जची स्वतःची सावली, शेख झायेद रोडवरून आडवी पडून समुद्राकडे गेलेली असते, लांबच लांब सुईसारखी. थोडा वेळ थांबलात तर ती एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सरकताना डोळ्यांना कळते. माझ्या भाच्याने फोनमधलं काहीही न बघता वीस मिनिटं ती सावली बघितली होती, दर दोन मिनिटांनी "आता त्या निळ्या टाकीवर आली" असं ओरडत. 124 ला एक उघडी गच्ची पण आहे, काचांच्या मध्ये फटी ठेवल्यात, त्यातून वारा लागतो, तिथे नक्की उभे रहा, बंद काचेमागे उंची कळत नाही, वारा लागला की कळते.

हवेचं बघून तिकीट काढा हे सगळ्यात महत्त्वाचं. मी एकदा मे महिन्यात दीर-जावेला घेऊन गेले, आधीच बुकिंग केलेलं, धुळीचं वारं सुटलेलं, वरून चारी बाजूंना चहाच्या रंगाची हवा, पायथ्याचं दुबई फाउंटनचं तळंसुद्धा नीट दिसेना. सकाळच्या स्लॉटची तिकिटं सहसा आदल्या दिवशी मिळून जातात, म्हणून भारतातूनच काढून ठेवायची घाई करू नका. आल्यावर पहिल्या दोन दिवसांत लांबून बुर्जचं टोक बघत जा, टोकाची सुई स्वच्छ कापल्यासारखी दिसत असेल तर दुसऱ्या दिवशीचं काढा. फक्त 25 तारखेनंतर येत असाल तर चार-पाच दिवस आधी काढा, आणि 31 ला त्या भागात फिरकूच नका, आतषबाजीसाठी रस्ते बंद होतात.

जायला मेट्रो सोपी आहे पण स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूलच 800 मीटरच्या वर आहे, पुढे मॉलमधलं चालणं वेगळं. सासऱ्यांसाठी टॅक्सीच करा, मॉलच्या तळाच्या मजल्यावर प्रवेश आहे, तिकडे जवळ उतरवायला सांगा. लिफ्ट मिनिटभरात वर नेते, कानाला दडे बसतात, लेकीला गोळी चघळायला द्या. आत शिरताना फोटो काढतात, तो विकत घ्यायची सक्ती नसते.

सासऱ्यांचंही ऐन वेळी नको झालं तर दुबई फ्रेम आहे, झबील पार्कला. 150 मीटरच, पण पन्नासेक दिरहममध्ये एका बाजूला जुनी दुबई, करामा-देराच्या गच्च्या, आणि दुसऱ्या बाजूला बुर्जसकट अख्खी नवी रांग दिसते. पाम बेटाचा तो झाडासारखा आकार बघायची हौस असेल तर त्यासाठी बुर्जवर जाऊ नका, तिथून तो फार लांब आणि पुसट दिसतो, पामवरच 52 व्या मजल्याचा वेगळा डेक आहे.

आणि सासूबाईंचं राहिलं. संध्याकाळी पाचही जण फाउंटनला जा, सहापासून दर अर्ध्या तासाने असतं, फुकट. मॉलच्या दारातली गर्दी सोडून सूक अल बहार या बाजाराकडे जाणाऱ्या पुलाच्या पलीकडे जा, तिथे कठड्याला टेकून उभं राहता येतं आणि पाणी उडालं की मागे बुर्ज पायापासून टोकापर्यंत एकाच फ्रेममध्ये येतो. तुमचा सगळ्यांचा फोटो तिथे काढा, आणि फोन दुसऱ्या कोणाच्या हातात देताना त्याला खाली वाकून काढायला सांगा, नाहीतर टोक कापलं जातं.