मंगळावरचं खाजन

प्रश्न : मंगळावरच्या वसाहतीवर तीन कादंबऱ्यांची मालिका लिहायला घेतली आहे. पहिल्या भागाची १८० पानं झाली, पण माणसं अजून यानातच आहेत. ज्या दोघा मित्रांनी वाचलं ते कंटाळले. प्रवास छाटू का? आणि बाई, गोव्यात बसून मंगळावर लिहिण्यात काही अर्थ आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : छाटा. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या मंगळ-त्रयीतली पहिली कादंबरी ‘रेड मार्स’ (१९९२) मंगळावर वस्ती झाल्यानंतरच्या एका खुनाने सुरू होते. यानातला प्रवास मागाहून येतो. कोण कुणाच्या जिवावर उठणार हे आधीच कळलेलं असल्यामुळे मग यानातली साधी बोलाचालीही आपण कान देऊन वाचतो. तुमच्या पानांत अशी धास्ती नसेल, तर प्रवासाला तीस पानं पुरेत.

दुसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचं आहे. माझं माहेर दिवाडी बेटावरचं. आमचं शेत खाजनातलं, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेलं. लहानपणी बाबा मला मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी न्यायचे. भरती चढली की पाण्याच्याच रेट्याने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटत आणि ओहोटी लागली की शेतातलं पाणी ती ढकलून नदीत जाई. मिटलेल्या दारांच्या फटीतून पाण्याची बारीक चिळकांडी उडायची. बाबा ती बोटावर घेऊन चाखायचे आणि खारटपणावरून दार कधी दुरुस्त करायचं ते ठरवायचे.

आता मंगळाची माती बघा. ‘फिनिक्स’ यान २००८ साली तिथे उत्तर ध्रुवाच्या बाजूला उतरलं, तेव्हा मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार सापडले, वजनाने साधारण अर्धा टक्का. पोटात गेले तर ते थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाहीत. पण पाण्यात चटकन विरघळतात. म्हणजे त्या मातीत पहिली भाजी लावण्याआधी तुमच्या माणसांना ती धुवावी लागणार. आमच्याकडे हे काम मिरगाचा पाऊस करतो. शेतातलं मीठ धुऊन गेलं की कोरगुट हे भात पेरायचं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, उघड्यावर पाणी टिकत नाही. तेव्हा बंद खोलीत बर्फ वितळवायचा, माती धुवायची आणि ते खारं पाणी पुन्हा गाळून वापरायचं. ओहोटीबरोबर सोडून द्यायला तिथे नदी नाही.

तुमची कादंबरी मला या खोलीत दिसते. हे पाणी कुणाच्या ताब्यात? आमच्या खाजनाचं दुखणं नेमकं हेच होतं. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो. ज्याने तो घेतला त्याला कोळंबी हवी होती, आम्हाला भात. एका वर्षी दारं भरतीलाही उघडी राहिली आणि पोटरीला आलेलं कोरगुट पंधरा दिवसांत पिवळं पडलं. कोरगुट खारं सोसणारं भात, पण त्यालाही किती सोसवणार? बाबांनी पुढे दोन वर्षं तक्रारीचा कागद घेऊन कचेरीच्या फेऱ्या मारल्या. शेत पडीक राहिलं ते अजून तसंच आहे, बांधावर आता खारफुटी वाढली आहे.

मंगळावरून पृथ्वीला गाऱ्हाणं सांगायचं तर निरोप पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. भांडण तिथल्या तिथेच मिटवावं लागणार. जुन्या गावकारीत, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेत, बांध फुटला की कुणी काय करायचं हे ठरलेलं असे. तुमच्या वसाहतीत ते कोण ठरवतं? सगळे शास्त्रज्ञ आहेत म्हणून सगळे समजूतदार असतील असं धरून चालू नका.

नवा मसुदा जरूर पाठवा, मी वाचीन. मात्र त्या धुण्याच्या खोलीची किल्ली कुणाच्या खिशात आहे, ते मला पहिल्या प्रकरणातच कळू द्या.